तीन न्यायासने : विज्ञानपटांचा गल्ला, मान आणि आयुष्य

कलाकृतीचा निवाडा करणारी न्यायासने तीन आहेत. त्यांपैकी पहिले तिकीटविक्रीच्या खिडकीपाशी भरते. त्याचा निकाल पंधरवड्यात लागतो, तो आकड्यांत दिलेला असतो, आणि त्याच्या अंमलबजावणीस विलंब मुळीच होत नाही. दुसरे न्यायासन जाणत्यांच्या मंडळाचे. ते वर्षातून एकदा बसते आणि त्याचा निकाल बंद लखोट्यातून बाहेर येतो. तिसरे काळाचे. तेथे तारखांमागून तारखा पडत राहतात आणि पक्षकार पुष्कळदा निकालापूर्वीच इहलोक सोडून गेलेले असतात. परप्रांतात सरकारी सेवा करणाऱ्या आमच्या वाचकांस या व्यवस्थेची निराळी ओळख करून देण्याची गरज नाही. ज्येष्ठतेची यादी, वरिष्ठांनी लिहिलेला गोपनीय शेरा आणि बदली होऊन गेल्यावर त्या जिल्ह्यातील माणसांनी मागे काढलेली आठवण, या तीन गोष्टींचा मेळ किती थोड्या वेळा बसतो हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार?

चित्रपटाच्या ज्या शाखेत या तीन न्यायासनांचा मतभेद सर्वांत ठळकपणे दिसतो, ती शाखा विज्ञानकथेवर उभारलेल्या चित्रपटांची. याचे कारण उघड आहे. कौटुंबिक कथेस एक वाडा आणि चार चांगले नट पुरतात; चंद्रावर जावयाचे म्हटले म्हणजे चंद्रच बांधावा लागतो. जे जगात नाही ते डोळ्यांना दाखवावयाचे, म्हणून खर्च अवाढव्य. खर्च अवाढव्य, म्हणून गल्ल्याची ताबेदारी अधिक. आणि गल्ल्यासाठी बालवृद्धांना रिझवावे लागते, म्हणून जाणत्यांच्या मनात हा सारा पोरखेळच, अशी शंका कायमची. या त्रांगड्यातून विज्ञानपटाने गेल्या सव्वाशे वर्षांत वाट कशी काढली, हे पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभ फ्रान्समध्ये झाला. जॉर्ज मेलिएस या जादूगाराने १९०२ साली चंद्रावरील स्वारीचा मूकपट काढला. तो देशोदेशी गाजला; परंतु गाजला म्हणजे कमाई झाली असे नव्हे. अमेरिकेत त्याच्या चोरट्या प्रती निघाल्या, आणि प्रेक्षकांनी मोजलेल्या पैशाचा मोठा भाग भलत्याच खिशांत गेला. पुढे मेलिएस कर्जबाजारी झाले. १९२३ साली वैतागून त्यांनी आपल्या चित्रपटांच्या मूळ फिती स्वहस्ते जाळल्या, आणि उतारवयात पॅरिसच्या माँपारनास स्थानकावर खेळण्यांचे दुकान चालविले. फ्रान्सने १९३१ साली त्यांस ‘लीजन ऑफ ऑनर’ हा सन्मान दिला खरा. पण तोवर त्यांचा व्यवसाय बुडून वर्षे लोटली होती. येथे आम्हांस दादासाहेब फाळके आठवल्यावाचून राहत नाहीत. कॅमेऱ्याच्या करामतीने देवादिकांचे चमत्कार पडद्यावर आणणारा हा त्र्यंबकेश्वरचा पुरुष १९४४ साली नाशिकास विपन्नावस्थेत निवर्तला. त्याच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला तो १९६९ साली, म्हणजे पंचवीस वर्षांनी.

दुसरा दाखला जर्मनीचा. फ्रिट्स लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये दाखविण्यात आला. वर बागांत विहरणारे धनिक, खाली यंत्रांना जुंपलेले कामगार आणि त्यांच्यात कलह माजविणारी यंत्रस्त्री, अशी त्याची कथा. त्यावर पन्नास लक्ष मार्कांहून अधिक खर्च झाला. ‘ऊफा’ ही निर्माती संस्था आधीच अडचणीत होती. या चित्रपटाने ती अधिकच खोल रुतली. प्रेक्षक आले नाहीत. खुद्द एच. जी. वेल्स यांनी त्यावर झणझणीत टीका लिहिली. मग वितरकांनी कात्री घेतली, आणि मूळ चित्रपटाचा सुमारे चौथा हिस्सा कापला जाऊन नाहीसा झाला. असे असूनही २००१ साली युनेस्कोने जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत ज्या पहिल्या चित्रपटाचे नाव दाखल केले, तो हाच. आणि २००८ साली अर्जेंटिनातील ब्वेनोस आयरेस येथील चित्रपट-संग्रहालयात जवळजवळ पूर्ण प्रत सापडली, तीही सोळा मिलिमीटरची आणि ओरखड्यांनी भरलेली. १९२७ साली कापलेली दृश्ये २०१० साली बर्लिनच्या महोत्सवात पुन्हा पडद्यावर आली. त्र्याऐंशी वर्षांनी अपिलाचा निकाल लागला. अपील करणारे लांग १९७६ सालीच गेले होते.

आता अमेरिकेतील जाणत्यांच्या मंडळाकडे, म्हणजे ज्याची सुवर्णरंगी बाहुली ऑस्कर या नावाने जगास ठाऊक आहे त्या अकादमीकडे वळू. विज्ञानपटाशी तिचे वर्तन प्रारंभी अगदीच रुक्ष होते असे म्हणता येत नाही. डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड यांच्या कथेवरील १९३१ च्या बोलपटासाठी फ्रेडरिक मार्च यांस उत्कृष्ट नटाचे पारितोषिक मिळाले; ते त्यांस वॉलेस बीरी यांच्यासमवेत वाटून घ्यावे लागले, एवढेच. परंतु १९३३ साली ‘किंग काँग’ने न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतीवर वानरराज चढवून सर्वांस थक्क केले, तेव्हा त्यास एकही नामांकन मिळाले नाही. करामती दृश्यांसाठी पारितोषिकच त्या वेळी अस्तित्वात नव्हते.

ते अस्तित्वात आले, आणि १९५० नंतर त्याचा ओघ विज्ञानपटांकडे वळला. ‘डेस्टिनेशन मून’ (१९५०), ‘व्हेन वर्ल्ड्स कोलाइड’ (१९५१), ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (१९५३) आणि ‘द टाइम मशीन’ (१९६०) या जॉर्ज पाल यांच्या चित्रपटांना करामती दृश्यांसाठी ऑस्कर लाभले. वॉल्ट डिस्ने यांच्या ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ (१९५४) या चित्रपटास तेच आणि कलादिग्दर्शनाचे, अशी दोन मिळाली. त्यातील कॅप्टन निमो पडद्यावर युरोपीय दिसतो. पण ज्यूल व्हर्न यांनी पुढल्या कादंबरीत तो बुंदेलखंडाचा राजपुत्र आणि १८५७ च्या संग्रामातील योद्धा असल्याचे सांगितले आहे, हे झाशी-सागरकडे नेमणुकीवर असलेल्या वाचकांनी ध्यानी ठेवावे.

यादी पाहता विज्ञानपटाचा गौरव भरघोस झाला असे वाटेल. परंतु बारकाईने पाहिले म्हणजे ध्यानात येते की, हा गौरव हातांचा होता, डोक्याचा नव्हता. सुतार, रंगारी, नमुने घडविणारे, कॅमेऱ्याचे कसबी यांस शाबासकी; कथा, दिग्दर्शन आणि समग्र चित्रपट यांच्या वाट्यास मौन. ‘द डे द अर्थ स्टुड स्टिल’ (१९५१) या शहाण्या चित्रपटास अकादमीने काहीच दिले नाही. आंतरराष्ट्रीय सामंजस्य वाढविणारा चित्रपट म्हणून त्यास गोल्डन ग्लोब तेवढे मिळाले. ‘फॉरबिडन प्लॅनेट’ (१९५६) साठी लुई आणि बेबे बॅरन या दांपत्याने विजेच्या उपकरणांतून अपूर्व ध्वनी निर्माण केले. पण वादकांच्या संघटनेशी तंटा नको म्हणून त्यास ‘संगीत’ म्हणावयाचेही टाळण्यात आले. मग संगीताचे पारितोषिक कोठून मिळणार? पूर्वेकडे, जपानात, ३ नोव्हेंबर १९५४ रोजी ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला. अणुस्फोटाच्या जखमा ताज्या असलेल्या त्या देशात त्याची सुमारे शहाण्णव लक्ष तिकिटे खपली. या कुळातील चित्रपटास ऑस्कर मिळण्यास २०२४ साल उजाडावे लागले, आणि तेही करामती दृश्यांसाठीच.

१९६८ साल या इतिहासात विशेष विचार करण्याजोगे आहे. स्टॅनली कुब्रिक आणि आर्थर क्लार्क यांचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ सुमारे एक कोटी पाच लक्ष डॉलर खर्चून तयार झाला. एप्रिलमधील पहिल्या खेळांना लोक मध्येच उठून गेले. कुब्रिकने तातडीने एकोणीस मिनिटांचा भाग काढून टाकला. समीक्षकांत दुफळी माजली. परंतु तरुण प्रेक्षक पुनःपुन्हा येऊ लागले, आणि गल्ल्याचे न्यायासन आपला प्रथम निकाल फिरवून मोकळे झाले. अकादमीने चार नामांकने दिली. पटकथेचे पारितोषिक ‘द प्रोड्यूसर्स’ या विनोदी चित्रपटाकडे, दिग्दर्शनाचे ‘ऑलिव्हर!’कडे गेले. मिळाले ते एकच, करामती दृश्यांचे. आणि ते एकट्या कुब्रिकच्या नावे! ज्यांनी वर्षानुवर्षे राबून ती दृश्ये साकारली त्या डग्लस ट्रंबल प्रभृती सहकाऱ्यांची नावे त्या बाहुलीवर नव्हती. कुब्रिकसारख्या दिग्दर्शकास आयुष्यात ऑस्कर मिळाले ते हे एवढेच. म्हणजे अकादमीने डोक्याला नाकारून हातांना मान दिला, आणि तो मान पुन्हा डोक्याच्याच नावे जमा झाला. कचेरीतील टिपणी कोण तयार करतो आणि तीखाली सही कोणाची होते, हे जाणणाऱ्या वाचकांस यात नवल वाटू नये.

युरोपातील महोत्सवांची रीत निराळी. गोदार यांच्या ‘आल्फाव्हिल’ला १९६५ साली बर्लिनचे सुवर्ण-अस्वल मिळाले, त्यात एकही यान नाही, रात्रीचे पॅरिस हेच भविष्यातील नगर. तार्कोव्हस्की यांच्या ‘सोलारिस’ला १९७२ साली कान येथे परीक्षकांचे विशेष पारितोषिक लाभले. तेथे डोक्याचा सन्मान झाला. पण हे चित्रपट गल्ल्यासाठी कोणाच्या ध्यानात राहिले नाहीत.

१९७७ साली मात्र गल्ल्याचे पारडे एकाएकी जमिनीस टेकले. जॉर्ज लुकस यांचा ‘स्टार वॉर्स’ २५ मे रोजी अमेरिकेतील मोजक्या चित्रपटगृहांत लागला. सुमारे एक कोटी दहा लक्ष डॉलरांत झालेल्या या चित्रपटाने तोवरचे सारे उच्चांक मोडले. लुकस यांनी मेहनतान्याची ओढाताण न करता पुढील भागांचे आणि खेळण्या-बाहुल्यांचे हक्क स्वतःकडे राखले होते, आणि त्या हक्कांतूनच त्यांचे साम्राज्य उभे राहिले. मेलिएसचा चित्रपट दुसऱ्यांनी लुटला आणि पोटासाठी त्यास खेळणी विकावी लागली. लुकसने आपल्या चित्रपटाची खेळणी विकून स्वातंत्र्य विकत घेतले. पाऊणशे वर्षांत धंद्याने शिकविलेला धडा तो हाच. अकादमीने ‘स्टार वॉर्स’ला स्पर्धेतील सहा आणि एक विशेष, अशी सात पारितोषिके दिली, उत्कृष्ट चित्रपट मात्र ‘ॲनी हॉल’ ठरला. त्याच वर्षीच्या स्पिलबर्ग यांच्या ‘क्लोज एन्काउंटर्स’ला छायालेखनाचे ऑस्कर मिळाले. त्यात आकाशाकडे बोटे रोखणारा भारतीय जमाव दिसतो. कथेत ते स्थळ उत्तर हिंदुस्थानातील असले, तरी ते चित्रण झाले आपल्या खालापूरजवळच्या हाळ या गावी.

आता आम्ही त्या वर्षाकडे येतो, ज्यासाठी हा लेख लिहिण्याची बुद्धी झाली. १९८२ साली एकाच उन्हाळ्यात स्पिलबर्ग यांचा ‘ई. टी.’, रिडली स्कॉट यांचा ‘ब्लेड रनर’, संगणकाने चितारलेली दृश्ये असलेला ‘ट्रॉन’ आणि जॉन कार्पेंटर यांचा ‘द थिंग’ असे चार विज्ञानपट आले. पैकी ‘ई. टी.’ने सुमारे एक कोटी पाच लक्ष डॉलरांच्या खर्चावर केवळ अमेरिकेतील पहिल्या फेरीत पस्तीस कोटींहून अधिक मिळविले आणि ‘स्टार वॉर्स’लाही मागे टाकले. ‘ब्लेड रनर’ आणि ‘द थिंग’ एकाच दिवशी, २५ जून रोजी, प्रदर्शित झाले आणि दोन्ही आपटले. ‘ब्लेड रनर’चा खर्च तीन कोटींच्या घरात, अमेरिकेतील पहिल्या फेरीत तेवढेही वसूल झाले नाही. ज्यांच्या कादंबरीवर तो आधारला होता ते फिलिप डिक प्रदर्शनापूर्वीच, मार्च महिन्यात, वारले होते.

आणि याच वर्षअखेरीस रिचर्ड ॲटनबरो यांचा ‘गांधी’ आला. राजघाटाच्या दिल्लीत नोकरी केलेल्या कितीएकांस त्याचे चित्रण स्मरत असेल. अंत्ययात्रेच्या दृश्यासाठी राजपथावर तीन लक्षांच्या आसपास जनसमुदाय लोटला होता. ११ एप्रिल १९८३ रोजी लॉस अँजेलिस येथे निकाल लागले. ‘गांधी’ला अकरांपैकी आठ, ‘ई. टी.’ला नवांपैकी चार. उत्कृष्ट चित्रपट आणि उत्कृष्ट दिग्दर्शन ‘गांधी’चे, दृश्यकरामती, ध्वनिमुद्रण, ध्वनिसंकलन आणि संगीत ‘ई. टी.’चे. संगीताच्या स्पर्धेत आमचे रविशंकर जॉन विल्यम्स यांच्यापुढे मागे पडले. कलादिग्दर्शनात ‘ब्लेड रनर’ची पावसात भिजलेली भविष्यनगरी ‘गांधी’पुढे हरली. वेशभूषेत ‘ट्रॉन’चे प्रकाशमान पोशाख हरले ते खादीपुढे! जॉन मोलो यांच्यासमवेत ते पारितोषिक स्वीकारणाऱ्या भानू अथैया या कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यातील कन्या, आणि ऑस्कर मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय. मोलो यांचे पहिले ऑस्कर ‘स्टार वॉर्स’च्या वेशभूषेसाठी होते, हे पाहिले म्हणजे त्या रात्रीचे धागे कसे गुंतले होते ते कळते. ब्रिटिश अकादमीने मात्र वेशभूषेचे पारितोषिक ‘ब्लेड रनर’ला दिले, आणि विज्ञानकथेच्या चाहत्यांच्या ह्यूगो पुरस्कारात तर ‘ब्लेड रनर’ने ‘ई. टी.’वरही मात केली. एकच वर्ष, तेच चित्रपट, आणि चार ठिकाणी चार निकाल.

अकादमीने ‘गांधी’ला कौल देण्यात चूक केली काय? आम्ही भारतीय, आमचे उत्तर निःपक्ष असेल असा दावा करणे ढोंगीपणाचे होईल. परंतु एक गोष्ट स्पष्ट आहे. विषयाच्या थोरवीस पारितोषिक देणे जाणत्यांस नेहमीच निर्धोक वाटत आले आहे. दहा वर्षांनंतर याची प्रचीती आली. १९९३ साली स्पिलबर्ग यांनी ‘जुरासिक पार्क’ काढून ‘ई. टी.’चा उच्चांक मोडला. त्यातील उद्यानाचे धनी झालेले वृद्ध नट म्हणजे हेच ॲटनबरो! पण त्या वर्षी स्पिलबर्ग यांस उत्कृष्ट दिग्दर्शकाचे ऑस्कर मिळाले ते ‘शिंडलर्स लिस्ट’साठी. डायनोसॉरांना पुन्हा तीच तीन पारितोषिके : दृश्यकरामती, ध्वनिमुद्रण आणि ध्वनिसंकलन.

याच संदर्भात कलकत्त्याकडील वाचकांस सत्यजित राय यांची हकिकत आठवेल. १९६७ साली त्यांनी बंगालच्या एका खेड्यात उतरणाऱ्या परग्रहवासीयाची ‘द एलियन’ ही पटकथा लिहिली. हॉलिवूडच्या कोलंबिया संस्थेशी बोलणी झाली आणि फिसकटली. चित्रपट निघाला नाही. पुढे ‘ई. टी.’शी तिच्या साम्याची चर्चा पुष्कळ झाली. स्पिलबर्ग यांनी तिचा इन्कार केला. १९९२ साली राय यांस सन्माननीय ऑस्कर देण्यात आले ते त्यांनी कलकत्त्यातील रुग्णशय्येवर स्वीकारले, आणि महिन्याभरात त्यांचे देहावसान झाले. त्या सन्मानात न निघालेल्या चित्रपटाचा वाटा अर्थातच नव्हता. न लिहिलेल्या अर्जावर हुकूम होत नाही.

अलीकडे अकादमीचा कल पालटला आहे. २०१० साली ‘अवतार’ला सर्व जगाचा गल्ला आणि केवळ तीन ऑस्कर मिळाली, पण २०१८ मध्ये ‘द शेप ऑफ वॉटर’ आणि २०२३ मध्ये ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ यांस उत्कृष्ट चित्रपटाचा मान लाभला. डोळ्यांत भरणारी गोष्ट ही की, या दोहोंचा खर्च विज्ञानपटांच्या मानाने माफक होता. डोक्यास मान मिळाला, तो पोट लहान झाल्यावर.

तर मग अखेरचा भरवसा काळाच्या न्यायासनावर ठेवावा काय? उपेक्षितांचे सांत्वन करताना आपण तसेच म्हणतो. ‘ब्लेड रनर’चे पुढे झाले ते पाहता हे सांत्वन पोकळही वाटत नाही : १९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहीत त्याचे नाव आले, आणि दिग्दर्शकाच्या मनाजोगी प्रत १९९२ व २००७ साली लोकांपुढे आली. परंतु काळ स्वतः न्याय देतो हा भ्रम आहे. काळ फक्त नासधूस करतो. आमचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ साली मुंबईत इतका चालला की गर्दी आवरण्यास पोलीस बोलवावे लागले; आज त्याची एकही प्रत उरलेली नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ अपुराच हाती आला आहे. गल्ल्याने त्यांस वाचविले नाही. ‘मेट्रोपोलिस’ वाचला, कारण दूरदेशीच्या एका संग्रहालयात कोणीतरी ते डबे फेकून न देता फडताळावर राहू दिले. १९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, आणि पी. के. नायर यांच्यासारख्यांनी गावोगाव हिंडून चित्रफिती जमविल्या, तेव्हा काळाच्या न्यायासनापुढे सादर करावयाचा पुरावा थोडाबहुत तरी शिल्लक राहिला.

भानू अथैया यांनी हे तत्त्व आपल्या परीने जाणले होते, असे आम्हांस वाटते. आपल्यामागे त्या बाहुलीची निगा कोण राखणार या विचाराने त्यांनी २०१२ साली ती अकादमीकडेच सुपूर्त केली. २०२० साली त्या निवर्तल्या. डग्लस ट्रंबल यांच्या पदरात १९६८ च्या कामाचे श्रेय पडले नव्हते. तंत्रातील आयुष्यभराच्या कामगिरीसाठी त्यांस अकादमीने २०१२ सालीच गौरविले. ज्या वर्षी एक ऑस्कर भारतातून परत गेले, त्याच वर्षी एक सन्मान चव्वेचाळीस वर्षे उशिरा योग्य हाती पोहोचला. गल्ला खर्चून जातो, बाहुलीवरचा मुलामा उडतो. फडताळावरचा डबा मात्र कोणीतरी अधूनमधून उघडून, पुसून ठेवावा लागतो. न्याय कोणी द्यायचा हा वाद चालू राहील. तोवर दप्तर नीट राखणे हे काम तरी आपल्या हातचे आहे, आणि आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचा तर तो व्यवसायच आहे.